स्पॅनिशमध्ये तिकीट काढताना खिडकीपलीकडचा काय विचारतो?

निळी_छत्री

स्पेन भटकंतीच्या धाग्यावर तिकिटांचं अवांतर फारच वाढलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

स्पॅनिश वाक्यांच्या याद्या नेटवर पोत्यानं मिळतात. त्यांची गोची अशी की सगळ्या आपण काय बोलायचं तेवढंच सांगतात. आपण 'मला अमुक गावचं तिकीट हवंय' घोकून जातो, खिडकीवर झोकात म्हणतो, उच्चार बरा निघाला तर पलीकडचा खूश होऊन सुसाट सुटतो, आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे! म्हणून माझं मत: बोलायची दोन-तीन वाक्यं पुरेत, खरी तयारी त्याच्या प्रश्नांची करायची. प्रश्न ठरलेले असतात, आणि साधारण त्याच क्रमानं येतात.

आपलं वाक्य: केरिया उन बियेते पारा तोलेदो, पोर फाबोर. तोलेदोच्या जागी आपलं गाव. 'केरिया' म्हणजे 'हवं होतं'. आपणही दुकानात 'अर्धा किलो रवा हवा होता' म्हणतो ना, तसंच. 'किएरो' म्हणजे 'हवंय', तेही चालतं, पण 'केरिया' जरा मऊ लागतं.

आता पलीकडून काय येतं ते:

पारा क्वान्दो? कधीचं? उत्तर: 'पारा ओय' आजचं, 'पारा मान्याना' उद्याचं, 'पासादो मान्याना' परवाचं. 'मान्याना' म्हणजे उद्या आणि सकाळही, त्यामुळे उद्या सकाळचं हवं असेल तर 'मान्याना पोर ला मान्याना' म्हणायचं. कानाला विनोदी वाटतं, पण बरोबर आहे.

सोलो ईदा, ओ ईदा इ ब्वेल्ता? फक्त जायचं, की जाऊन-येऊन?

आ के ओरा? किती वाजताची? इथे गाडी ठरली नसेल तर आपणच विचारायचं: 'आ के ओरा साले एल प्रोक्सिमो?' पुढची कधी सुटते?

बेन्तानिया ओ पासियो? खिडकी की पॅसेजकडची सीट? तिकीटखिडकीलाही बेन्तानियाच म्हणतात, पण या प्रश्नात तुमची सीट विचारली जातेय.

मे देखा एल पासापोर्ते? पासपोर्ट द्या जरा. आपल्या कानाला यात हिंदी 'देखा' ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे काम तेच असतं. फक्त तो 'ख' घशातून खरखरीत.

तार्खेता ओ एफेक्तीबो? कार्ड की रोख?

जागा नसेल तर 'एस्ता कोम्प्लेतो' किंवा 'नो केदान प्लाथास' ऐकू येईल. गाडी फुल्ल. मग लगेच 'इ एल सिग्येन्ते?' म्हणजे त्याच्या नंतरची?

उच्चाराबद्दल एकच सांगते. आपले त आणि द इथे जसेच्या तसे चालतात. इंग्रजी बोलताना लागलेली ट-डची सवय दारात ठेवा. 'टोलेडो' म्हणू नका, 'तोलेदो' म्हणा. ह लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि व-ब एकच. माद्रिदकडे प्लाझाचं 'प्लाथा' होतं (इंग्रजी 'थिंक'मधला थ), दक्षिण अमेरिकेत 'प्लासा'. कुठलंही म्हटलं तरी समजतं.

अनुभवींनी भर घाला.

शंकासुर

धागा छान, पण एवढं पाठांतर कशाला? सगळं ॲपवर मिळतं, ॲपमध्ये इंग्रजी आहे, अडलंच तर फोनमधलं भाषांतर आहे. खिडकीवर जातंय कोण?

मुक्काम_माद्रिद

शंकासुर, माद्रिद-बार्सेलोना-सेविया एवढंच करणार असाल तर तुमचं खरं आहे. ॲपवर आधी काढलेलं तिकीट स्वस्तही पडतं. पण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज गेली तेव्हा मी इथेच होतो. गाड्या जागच्या जागी थांबल्या, फोनला नेटवर्क नाही, कार्डाची मशिनं बंद. त्या दिवशी ज्याच्या खिशात सुट्टे युरो आणि तोंडात चार वाक्यं होती तो टॅक्सी-बसचं काहीतरी जमवू शकला. असे दिवस रोज येत नाहीत, मान्य. पण 'वेल्गा' म्हणजे संप, तो अधूनमधून येतोच. गावाकडच्या बसमध्ये पैसे ड्रायव्हरच घेतो. आणि तिकीट बदलायचं झालं की पाय शेवटी काउंटरकडेच वळतात: केरिया काम्ब्यार एस्ते बियेते.

आता मूळ धाग्यात भर.

माद्रिदमध्ये पहिला प्रश्न स्टेशनचा. आतोचा आणि चामार्तिन ही दोन मोठी स्टेशनं शहराच्या दोन टोकांना आहेत. सेविया, कोर्दोबा, बार्सेलोना, तोलेदो या गाड्या मुख्यतः आतोचाहून. सेगोबिया, बायादोलिद वगैरे उत्तरेकडच्या चामार्तिनहून. तिकिटावर पूर्ण नाव असतं, 'पुएर्ता दे आतोचा - आल्मुदेना ग्रान्देस' आणि 'चामार्तिन - क्लारा काम्पोआमोर', त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. शंका आली तर सरळ विचारा: साले दे आतोचा ओ दे चामार्तिन?

दुसरं, काउंटरवर रांग नसते, नंबर असतो. मशिनमधून चिठ्ठी घ्यायची. त्यावर 'सालीदास ओय' म्हणजे आज सुटणाऱ्या गाड्या आणि 'बेन्ता आन्तिथिपादा' म्हणजे पुढच्या तारखांचं बुकिंग, असे वेगळे पर्याय दिसतात. ज्याचा नंबर घ्याल त्याच खिडकीवर काम होतं.

नंबराचं मशिन नसलेल्या छोट्या ठिकाणी लोक वाट्टेल तसे पसरून उभे असतात आणि तरी प्रत्येकाला आपला नंबर पक्का माहीत असतो. तिथे गेल्या गेल्या मोठ्यानं विचारायचं: क्येन एस एल उल्तिमो? शेवटचं कोण आहे? कुणीतरी हात वर करतं. बस, तुम्ही त्याच्या मागे. नंतर येणाऱ्यानं विचारलं की हात तुम्ही वर करायचा. हे बँकेत, दवाखान्यात, मासळीवाल्याकडे सगळीकडे चालतं.

तिसरं, तिकिटावर 'कोचे' म्हणजे डबा आणि 'प्लाथा' म्हणजे सीट. कोचे ७, प्लाथा ४ सी असं. वेगवान गाड्यांसाठी सामान स्कॅनरमधून जातं आणि सुटायच्या २ मिनिटं आधी फाटक बंद. पळत्या गाडीत चढायची आपली हौस इथे उपयोगाची नाही.

निळी_छत्री

उल्तिमोचं भारीच! आणि एक विचारायचं होतं, रेन्फेच्या, म्हणजे स्पेनच्या सरकारी रेल्वे कंपनीच्या, खिडकीवर इतर कंपन्यांची तिकिटं मिळतात का?

मुक्काम_माद्रिद

नाही. १९९२ मध्ये माद्रिद-सेविया वेगवान गाडी सुरू झाली तेव्हापासून बरीच वर्षं रेन्फे एकटीच होती. २०२१ मध्ये उईगो आली, २०२२ च्या शेवटी इर्यो. रूळ तेच, स्टेशनं तीच, पण तिकिटं ज्याची त्याच्याकडे. एकाची गाडी चुकली म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसता येत नाही. स्पर्धेमुळे भाडी उतरली, हा प्रवाशांचा फायदा.

दुपारचा_चहा

अगदी वेळेवर धागा आला. आई-बाबांना घेऊन चाललोय. बाबा ७१, आई ६६. ज्येष्ठांना सवलत असते का? आणि बाबांना उलट्या दिशेच्या सीटवर बसलं की गरगरतं. हे कसं सांगायचं?

मुक्काम_माद्रिद

असते की. रेन्फेचं 'तार्खेता दोरादा' नावाचं कार्ड आहे, साठीच्या पुढच्यांना, वर्षभर चालतं. पासपोर्ट दाखवून स्टेशनवर काढून घ्या आणि मग त्यावर तिकिटं काढा. विचारायचं वाक्य: आय देस्क्वेन्तो पारा मायोरेस दे सेसेन्ता? साठीच्या वरच्यांना सूट आहे का? सूट गाडीनुसार आणि वारानुसार कमी-जास्त होते, त्यामुळे दर वेळी विचारा.

सीटचं: एन सेन्तीदो दे ला मार्चा, पोर फाबोर. गाडीच्या दिशेनं तोंड असलेली. काउंटरवाला ते स्क्रीनवर बघून देतो. आणि तिघं एकत्र हवे असाल तर त्रेस आस्येन्तोस खुन्तोस. चौघांच्या मधे टेबल असलेल्या सीटांना 'मेसा' म्हणतात. त्यातल्या दोन सीटा हटकून उलट्या असतात, तेव्हा बाबांसाठी मेसा घेताना बघून.

दुपारचा_चहा

अनेक आभार मुक्कामराव! सेन्तीदो दे ला मार्चा बाबांनाच पाठ करायला देतो. त्यांना कामही होईल.

हिशेबनीस

माझा मुद्दा आकड्यांचा. वाक्यं येतात, पण किंमत सांगितली की डोकं बंद. 'सेसेन्ता' साठ आणि 'सेतेन्ता' सत्तर, मधल्या एका अक्षराचा फरक. 'दोस' दोन आणि 'दोथे' बारा. घाईत बोलला की सगळं एकच. यावर माझा रामबाण: मे लो प्वेदे एस्क्रिबीर? लिहून देता का? कागद-पेन नसेल तर तो स्क्रीन वळवून दाखवतो किंवा कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतो. माझ्या मते अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच.

वेळेचं मात्र आपल्याला सोपं जातं. बोर्डावर चोवीस तासांचं घड्याळ असतं, पण तोंडी माणसं आपल्यासारखंच बोलतात. 'सिएते इ क्वार्तो' सव्वासात, 'सिएते इ मेद्या' साडेसात, 'सिएते मेनोस क्वार्तो' पावणेसात. शेवटचं नीट बघा: सात वजा पाव. 'सिएते' ऐकून सातची गाडी समजलात तर गाडी पंधरा मिनिटांपूर्वी गेलेली असेल.

निळी_छत्री

हिशेबनीस, +१. पावणेचं डोक्यातच आलं नव्हतं. 'दे ला तार्दे' पण सांगा कुणीतरी. तिथे संध्याकाळी साडेसात-आठलाही तार्देच म्हणतात, त्यामुळे 'तार्दे' म्हणजे दुपार असं समजून चालू नका.

मडगांवचो

आमच्या घरात आजोबा पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेले, त्यामुळे पोर्तुगीज थोडं कानावर होतं. त्या जोरावर स्पेनमध्ये निभावेल असं गोव्यातल्या पुष्कळांना वाटतं. छापील कागद वाचताना निभावतं हो. 'बिल्येत द इद इ वोल्त' आणि 'बियेते दे ईदा इ ब्वेल्ता' ही सख्खी भावंडंच. पण ट्रेनला पोर्तुगीजमध्ये 'कोंबॉयु' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'त्रेन'. आणि आपण पोर्तुगीज बोललो तर स्पॅनिश माणसाला ते कमी समजतं. उलट पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश बऱ्यापैकी कळतं. तेव्हा लिस्बनहून माद्रिदला जाताना भाषा सीमेवर बदला.

जाता जाता: त्या मार्गावरची रात्रीची थेट गाडी मार्च २०२० मध्ये बंद पडली. म्हणून बरेच जण बस घेतात, किंवा सीमेजवळच्या बादाखोसला गाडी बदलतात. काउंटरवर एस दिरेक्तो, ओ आय के आसेर त्रान्सबोर्दो? (थेट आहे, की बदलावी लागते?) हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

शंकासुर

बरं, बार्सेलोनाच्या मेट्रोचं सांगा. दहा फेऱ्यांचं एक कार्ड घ्यायचं आणि चौघांनी वापरायचं, असं कुणीतरी म्हणालं.

सांतस_ते_सायन

ते माद्रिदमध्ये. तिथलं लाल 'तार्खेता मुल्ती' २.५० युरोचं, त्यात दहा फेऱ्या भरल्या की घरातले सगळे तेच आलटून-पालटून टेकवू शकतात. विमानतळाच्या स्टेशनासाठी ३ युरो जादा लागतात तेवढं लक्षात ठेवा. बार्सेलोनाचं 'ते-कासुआल' दहा फेऱ्यांचंच, पण एका माणसाचं. चौघांनी एकत्र वापरायचं तर 'ते-फामिलियार', ते आठ फेऱ्यांचं. आणि ते-कासुआल विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही, त्याच विमानतळाच्या लोकलला मात्र चालतं. असं का, ते त्यांनाच ठाऊक!

मशिनवर भाषा बदलता येते, पण चिकटवलेले कागद स्पॅनिशमध्येच असतात. 'फ्वेरा दे सेर्बिथ्यो' बंद आहे. 'नो देब्वेल्बे काम्ब्यो' सुट्टे परत देत नाही. हा दुसरा कागद ५० ची नोट घालण्याआधी वाचावा. मशिन अडलं तर मागच्याला 'मे आयूदा, पोर फाबोर?' म्हणा. लोक करतात मदत. फक्त तेव्हा पाकीट आतल्या खिशात आणि बॅग पुढे घ्या. मोठ्या स्टेशनांवर मशिनपाशी आपणहून मदतीला धावणारे सगळेच साधे नसतात.

आणि बार्सेलोनात पाट्या आधी कातालान या तिथल्या भाषेत असतात. बाहेर जायला 'सालीदा' शोधत बसाल तर 'सोर्तीदा' लिहिलेलं दिसेल. लोकलला इतरत्र 'थेर्कानियास', इथे 'रोदालियेस'. बोलायला स्पॅनिश चालतं.

काम्योनवाली

मी कामानिमित्त मेक्सिको सिटीत असते. वरची यादी घेऊन इकडे येणार असाल तर थोडी डागडुजी करावी लागेल.

तिकीट = बोलेतो. 'बियेते' म्हणाल तर नोट समजतील. जाऊन-येऊन = 'ब्याखे रेदोन्दो', एकेरी = 'सेन्सियो'. बसला रोजच्या बोलण्यात 'काम्योन'. मालाचा ट्रक नाही, चांगली एसी बस येते, घाबरू नका. इथे लांबचा प्रवास म्हणजे बसच. शहराच्या दिशांप्रमाणे मोठी बसस्थानकं आहेत. पुएब्ला, ओआहाका, पूर्वेचा किनारा यांच्या बऱ्याच गाड्या 'तापो' या स्थानकातून. टॅक्सीत बसायच्या आधी दे के तेर्मिनाल साले? विचारून घ्या, शहर आडवंतिडवं पसरलंय.

आता महत्त्वाचं. स्पेनमध्ये गाडी पकडणे म्हणजे 'कोखेर एल त्रेन', अगदी सभ्य. मेक्सिको-अर्जेंटिनात तोच 'कोखेर' चारचौघांत उच्चारू नये असा आहे. इकडे 'तोमार' म्हणा. 'तोमार' स्पेनमध्येही चालतं, म्हणून मी सगळ्यांना तेच शिकवते.

आणि 'आओरीता साले' असं कुणी म्हणालं तर 'आत्ताच सुटतेय' असा शब्दशः अर्थ धरू नका. चहा होईल, कदाचित जेवणही. शहरातल्या बसमध्ये उतरायचं असलं की जोरात बाखान! म्हणायचं. आपल्याकडच्या वडापमध्ये आवाज देतो तसाच सूर लावा.

दख्खन_ते_आंदेस

अजून दक्षिणेकडचं माझ्याकडून. पेरू, चिली, अर्जेंटिना इथे तिकिटाला 'पासाखे'. कोलंबियात 'तिकेते', म्हणजे तिथे आपलं तिकीटच थोडं लांबवून म्हणा. अर्जेंटिनात लांबच्या बसला 'मिक्रो', क्यूबा आणि कानारी बेटांवर 'ग्वाग्वा'.

बसच्या खिडकीवर प्रश्न येतो सेमिकामा ओ कामा? कामा म्हणजे पलंग. सेमिकामाची सीट अर्धी मागे जाते, कामाची जवळजवळ आडवी. रात्रभराचा प्रवास असेल तर कामाचे जास्तीचे पैसे द्या, पाठ दुवा देईल.

माचू पिचूला जाणाऱ्यांसाठी: ओयान्तायताम्बोहून आग्वास कालिएन्तेसला जाणाऱ्या गाड्यांत एक स्वस्त लोकल दिसेल, ती पेरूच्या लोकांसाठी राखीव आहे. आपल्याला पर्यटकांचीच गाडी. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतात. आणि छोट्या बसमध्ये बसल्या बसल्या ड्रायव्हरला सांगून ठेवा: मे आबीसा क्वान्दो येगेमोस आ... पुढे गावाचं नाव. पोचलो की सांगाल का? तो विसरला तरी शेजारची आजी विसरत नाही.

निळी_छत्री

नावावरून आठवलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'नोम्ब्रे', 'प्रिमेर आपेयीदो', 'सेगुन्दो आपेयीदो' असे तीन रकाने येतात. आपले लोक खूश होतात: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, झाले की तीन! तसं नाही. त्यांच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांकडचं आणि आईकडचं, आणि हे दोन रकाने त्यासाठी. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं ते सगळं नोम्ब्रेमध्ये, आडनाव प्रिमेरमध्ये, तिसरा रकाना रिकामा. काउंटरवर पासपोर्ट दिला की हा प्रश्नच येत नाही.

शंकासुर

ठीक आहे, खिडकीवाल्यांचा विजय असो. आता मला एक सांगा. माद्रिदहून सेगोबिया एका दिवसात करायचं आहे, रविवारी. ट्रेन की बस? आणि परतीची शेवटची गाडी कशी विचारायची?

मुक्काम_माद्रिद

ट्रेन जास्त वेगवान, पण तिचं 'सेगोबिया-गियोमार' स्टेशन गावापासून लांब माळावर आहे. तिथून ११ नंबरची बस गावातल्या जुन्या रोमन जलसेतूपाशी आणते. थेट बस माद्रिदमधल्या मोंक्लोआहून सुटते आणि गावातच सोडते. मी असतो तर बस घेतली असती. बसच्या फलाटाला 'दार्सेना' म्हणतात: दे के दार्सेना साले? ट्रेन असती तर 'दे के बिया?'

परतीचं पोचल्या पोचल्या विचारा, संध्याकाळी नको: आ के ओरा साले एल उल्तिमो आउतोबूस आ माद्रिद? रविवारी संध्याकाळी सगळं माद्रिद परत निघालेलं असतं. जोडून सुट्ट्या आल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पुएन्ते' असला, तर परतीची सीट सकाळीच पक्की करा.

वेळापत्रकात 'लाबोराब्लेस' म्हणजे कामाचे दिवस, 'दोमिंगोस इ फेस्तीबोस' म्हणजे रविवार आणि सणवार. तुम्ही दुसरा तक्ता बघायचा. वारांची आद्याक्षरं छापलेली असतात. मंगळवार आणि बुधवार दोन्ही एकाच अक्षरानं सुरू होतात, म्हणून बुधवारसाठी इंग्रजी एक्स टाकतात. तो फुलीसारखा दिसतो, पण त्या दिवशी गाडी असते.